दवंडीवाल्यांच्या घरातली गप्प मुलगी

“आपल्या घराण्यात ही मुकी कुठून आली, देव जाणे!”

हे वाक्य नव्या सुनेच्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई माजघरात सासऱ्यांशी कुजबुजल्या होत्या. पण त्यांची कुजबुजही तीन गल्ल्या ओलांडायची. परसात पावट्याच्या शेंगा सोलणाऱ्या सुनेला शब्दन् शब्द ऐकू आला.

ही गोष्ट गावोगावी राजाचा हुकूम हलगी वाजवून सांगायचे, तेव्हाची. असे हुकूम सांगणारं, दवंडी पिटणारं हे घर. सगळ्यांचे आवाज खणखणीत, जिभा तयार.

मुकी म्हणजे थोरल्या मुलाची लेक, आठ वर्षांची बकुळ. शाळेत काही विचारलं की ती मान खाली घालायची. शेवटी पंतोजींनी निरोप धाडला, “पौर्णिमेला सर्वांसमोर पाढे विचारीन. एकही उत्तर आलं नाही, तर तिला घरीच ठेवा.”

घर कामाला लागलं. जेवताना आजोबा विचारायचे, “बकुळे, सात चोक?” बकुळ ओठ उघडायची, तोवर ओट्यावरून तिचे वडील गरजायचे, “अठ्ठावीस!”

“बघ, किती सोपं!” आजी म्हणायची.

बकुळ ओठ मिटायची. नवी सून वाढता वाढता मोजत होती. एका जेवणात नऊ वेळा उघडले, नऊ वेळा मिटले.

दुसऱ्या दिवशी तिने बकुळला शेंगा सोलायला बसवलं. “सात चोक?” एवढं विचारलं आणि आपली सोलत राहिली. अर्धं सूप भरलं.

“अठ्ठावीस,” बकुळ हळूच म्हणाली.

“सात सक?”

“चव्वेचाळीस.”

सुनेने आणखी चार शेंगा सोलल्या.

“नाही काकू, बेचाळीस.”

मग रोजच शेंगा निघू लागल्या. घरचे पावट्याच्या भाजीला कंटाळले.

पौर्णिमेला सगळं घर शाळेत हजर. सुनेने बकुळ सोडून प्रत्येकाला चघळायला चिकट गुडदाणीचा मोठा खडा दिला.

“सात आठे?” पंतोजींनी विचारलं.

बकुळने मान खाली घातली. वडिलांनी छाती भरून श्वास घेतला, पण दात सुटेनात. आजीच्या घशातून नुसतं ‘हूंऽऽ’ निघालं. शाळेत कधी नव्हे ती शांतता पसरली.

बकुळने मान वर केली. “छप्पन्न.”

पुढची पाच उत्तरंही तिनेच दिली.

“उद्या वेळेवर ये,” पंतोजी म्हणाले.

तोंडं सुटताच सगळे एकदम ओरडले, “सूनबाई, शिकवलंस तरी काय तिला?”

लग्न झाल्यापासून सून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“काही नाही. तिला येतच होतं. मुलाचं उत्तर त्याच्या तोंडून येईपर्यंत जे घर थांबतं, त्याच घरचं मूल शाळेत धीटपणे बोलतं.”