पन्नासची गुणगुण

"मग आणखी एक कपॅसिटर घालू का?" गिरिजाने विचारलं.

इब्राहिम मास्तर तिच्या यंत्राचं झाकण काढून आत बघत बसले होते.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत मास्तरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. वय पंच्याहत्तर. डावा कान पार गेलेला, उजव्याने थोडंफार ऐकू यायचं. गिरिजा कोरी ही पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, विद्यापीठात पहिली आलेली. बहिऱ्या माणसाकडे आवाजाची तक्रार घेऊन यायचं तिच्या जिवावर आलं होतं. आईने हट्ट धरला म्हणून ती आली.

यंत्र तिने भाचीच्या शाळेसाठी बनवलं होतं. चैत्रा सात वर्षांची. तिच्या शाळेतल्या सगळ्याच मुलांना अगदी कमी ऐकू यायचं. बाईंनी माइकमध्ये बोलायचं आणि मुलांच्या हेडफोनमध्ये ते मोठं होऊन यायचं, एवढंच काम. पण बोलण्याबरोबर एक गुणगुणही यायची, न थांबणारी. मुलं हेडफोन काढून ठेवत. चैत्राने तर आपला दप्तरात कोंबला होता.

"सोमवारपर्यंत बघते," मुख्याध्यापिका नेर्लीकर बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर कपाटात ठेवून देऊ."

आज शनिवार होता.

"कुठली गुणगुण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कुठली म्हणजे? सप्लायची. दुसरी कुठली असणार?"

"कशावरून?"

गिरिजाने दहावीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. हे चार डायोड तिला एकाच दिशेला वळवतात. तरी लाटा उरतात. लाट आली की कपॅसिटर भरून घेतो, ओसरली की साठवलेलं देतो, म्हणजे वीज सपाट होते. गुणगुण येतेय, म्हणजे कपॅसिटर कमी पडतोय."

"बरोबर सांगितलंस. किती घातलेस?"

"आधी एक होता. आता चार आहेत."

"गुणगुण कमी झाली?"

गिरिजाने नकारार्थी मान हलवली.

मास्तरांनी यंत्राला एक स्पीकर जोडला, बटण दाबलं. स्पीकरच्या कागदावर दोन बोटं टेकवून डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले...

मग बटण बंद केलं. गिरिजाने आत हात घातला, तर मास्तरांनी तिचं मनगट धरलं.

"थांब."

"बंद केलंय, मास्तर."

"आपण बंद केलं. त्याला कुठं ठाऊक आहे?"

आतला छोटा लाल दिवा अजून जळत होता. चारही कपॅसिटर भरलेले होते.

दोघं बघत बसले. दिवा सावकाश मंद होत गेला.

"या दिव्याच्या आधी रेझिस्टर कशाला लावलास?"

"नाहीतर दिवा जळून जाईल. त्याला पेलेल तेवढाच करंट जाऊ देतो तो."

"हं..."

दिवा विझला. मास्तरांनी सोल्डरिंग आयर्न तापवला आणि एक कपॅसिटर काढून बाजूला ठेवला.

"अहो मास्तर!"

त्यांनी बटण दाबलं, स्पीकरला बोटं लावली. बंद केलं. दिवा विझेपर्यंत थांबले. दुसरा काढला. पुन्हा तेच. मग तिसरा. दिवा आता लवकर विझत होता.

"वाढली गुणगुण?"

गिरिजाने कान देऊन ऐकलं. गुणगुण होती तेवढीच होती. तिळभर जास्त नाही, कमीही नाही.

"नाही," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"नाही वाढली!" तिला ओरडून सांगावं लागलं. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या बाईने वळून पाहिलं.

मास्तरांनी फळीवरून एक जुना रेडिओ काढला. "ह्याचा कपॅसिटर सुकलाय. हा पण गुणगुणतो." त्यांनी त्याची मागची बाजू उघडली आणि तो चालू केला. "एक बोट ह्याच्या स्पीकरवर ठेव. एक तुझ्या."

"मास्तर, मला ऐकू येतंय."

"म्हणून तर म्हणतो. ठेव."

तिने ठेवलं. मास्तरांनी शेजारून चहा मागवला. चहा आला, त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली... गिरिजा तशीच उभी होती.

रेडिओची थरथर बारीक होती, मुंग्या आल्यासारखी. तिच्या यंत्राची जाड होती. संथ.

"डायोडच्या पुढं लाटा किती?" मास्तरांनी विचारलं.

"शंभर. पुढची आणि मागची, दोन्ही एकाच दिशेला..." ती थांबली. तिने बोटांकडे पाहिलं. "ही शंभरची नाही. माझी पन्नासची आहे."

मास्तरांनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे ती सप्लायमधून येतच नाही! ती दुसरीकडूनच शिरतेय. मास्तर, मी तीन आठवडे..."

ती यंत्रावर वाकली. यंत्राचे दोन डबे होते, एक माइकचा, एक आवाज मोठा करणारा, दोन्हींची विजेची पिन वेगळी. दोन्हींच्या मधे एक केबल. केबलच्या आत आवाज नेणाऱ्या दोन तारा आणि त्यांच्याभोवती बाहेरची वीज अडवणारी तांब्याची जाळी.

"जाळी कुठं जोडलीस?"

"दोन्ही डब्यांना. दोन्हीकडून अर्थिंग पक्कं असावं म्हणून."

"डब्यांना अर्थिंग कुठून येतं?"

"पिनांमधून..." गिरिजाने बाकावर बोटाने रेघ ओढली. पहिल्या डब्यापासून त्याच्या पिनेपर्यंत, तिथून भिंतीतल्या वायरीतून दुसऱ्या पिनेपर्यंत, दुसऱ्या डब्यापर्यंत, जाळीतून परत पहिल्या डब्यापर्यंत. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. आसपासची वीज त्या गोलात शिरून फिरत बसली होती.

तिने हात पुढे केला. मास्तरांनी कटर दिलं.

"पिनेच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. कधीच नाही. माणूस जातो त्यानं."

"माहीत आहे." तिने यंत्र बंद केलं, दिवा विझू दिला, जाळीचं फक्त एक टोक कापलं आणि पुन्हा बटण दाबलं.

यंत्र चालूच झालं नाही असं तिला वाटलं. पण लाल दिवा लागलेला होता. तिने माइकवर नख आपटलं. टक्... स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला.

गिरिजा हसत सुटली. मग तिला जरा वाईट वाटलं. "हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही, मास्तर."

"शिकवलं असणार," मास्तर म्हणाले. "तेव्हा तू पहिली येण्यात गुंतली असशील."

ती आणखीच हसली.

सोमवारी सकाळी ती मास्तरांनाही शाळेत घेऊन गेली. मुलांनी नाइलाजाने हेडफोन चढवले. चैत्राने हेडफोन काढायच्या तयारीत दोन्ही हात कानांवर ठेवले होते. यंत्राच्या आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलेलं होतं, कारण आजवर बाईंना गुणगुणीच्या वरचढ बोलावं लागत होतं.

नेर्लीकर बाईंनी हजेरीचं पुस्तक तोंडासमोर धरलं, ओठ दिसू नयेत म्हणून.

"चैत्रा!"

चैत्रा दचकली. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग कानावरचा एक हात निघाला आणि वर गेला.

गिरिजाने नाक पुसलं. बाईंनी दुसरं नाव घेतलं, मग तिसरं. एकामागून एक हात वर होत राहिले. कुणीही हेडफोन काढला नाही.

मास्तर उठले. यंत्रापाशी जाऊन त्यांनी आवाजाचं बटण मागे फिरवलं. थोडंसं... आणखी थोडं.

"मास्तर, नको!" गिरिजा कुजबुजली. मग त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाली, "आत्ता कुठे तिला ऐकू यायला लागलंय."

मास्तरांनी आणखी किंचित फिरवलं.

बाई गोष्ट सांगू लागल्या होत्या. चैत्राच्या कपाळाला आठी पडली. तिने दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, कोपरं बाकावर टेकली आणि श्वास रोखून बाईंच्या दिशेने वाकली.

गिरिजाचा हात बटणाकडे गेला. मास्तरांनी आपला हात तिथून काढला नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "पोरगी ऐकायला आपणहून पुढं सरकलीय."