सगुणाच्या हातावरची कामटी

फार फार वर्षांपूर्वी, आंबेघोळला बैलगाडीही पोचत नव्हती तेव्हा, तिथं भिवराबाई नावाची हाडं बसवणारी बाई होती. गावाचा एक नेम होता. भिवरानं ज्याला बांबूच्या कामट्या बांधल्या, त्याचं पाणी शेजाऱ्यांनी भरायचं, भाकरी शेजारून यायची आणि कामटी सुटेपर्यंत त्याला कुणी काम सांगायचं नाही. हा नेम पाटलालाही मोडता येत नसे, असं म्हणतात.

एका साली रावजी पाटलांची सून सगुणा हिनं अंथरूण धरलं. ना ताप, ना जखम. खाईना, झोपेना, रडेनासुद्धा. सासू म्हणाली, सोंग आहे. जावा म्हणाल्या, कंबरा आमच्याही दुखतात, आम्ही नाही निजत. मग एका सकाळी ती विहिरीच्या काठावर वाकलेली सापडली आणि पाटलांनी भगत बोलावला. मिरच्यांची धुरी द्यायची, विळा तापवून डाग द्यायचा असं ठरलं. बघायला सारा गाव जमला.

भिवरा गर्दीतून आत शिरली. धगधगत्या निखाऱ्यांवर तिनं पाण्याची घागर रिकामी केली. मग सगुणाचा धडधाकट हात पुढं ओढला आणि सगळ्यांदेखत त्याला कामट्या बांधल्या.

"म्हातारे, हात कुठं मोडलाय तिचा?" पाटील म्हणाले.

"जिथं मोडलंय तिथं कामटी बसत नाही, म्हणून हाताला बांधली. आता सांगून दाखवा हिला काम."

भगतानं कुत्सितपणे विचारलं, औषध काय देणार? भिवरा म्हणाली, "औषध नाही माझ्यापाशी. असतं तर दिलं असतं. हाडसुद्धा मी जोडत नाही, ते आपलं आपण जुळतं. मी त्याला धक्का लागू देत नाही."

गावातून हाकलून देण्याची धमकी मिळाली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग घोडीवर जरा जपून बसत जा, पाटील."

दुसऱ्या दिवशी शेजारणी खाली मान घालून पाणी घेऊन आल्या. सगुणा चार दिवस बरी असे, पुन्हा कोसळे. लोक हसले की भिवरा विचारी, तुमची हाडं एका रात्रीत जुळली होती का? सुगी आली नि गेली. मग एकदा सगुणा म्हणाली, भाकरीत मीठ कमी आहे. त्या दिवशी वाळलेल्या कामटीला हिरवं पान फुटलं, असं म्हणतात.

पान खोटं वाटत असेल तर वाटू द्या. वेशीबाहेरचं बांबूचं बेट त्याच कामटीचं, असं म्हणतात, आणि ते बेट तुम्हाला हातानं चाचपता येतं.

आजही आंबेघोळमध्ये कुणाचं मन असं कोसळलं, तर त्या बेटातली कामटी त्याच्या मनगटाला बांधतात. भिवराकडे नव्हतं ते औषध आता तालुक्याला मिळतं. शेजारी त्याला डॉक्टरांकडे नेतात, नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहतात, गोळ्या चुकू देत नाहीत. कुठं मोडलंय, असं कुणी विचारत नाही.

आणि जो म्हणेल, सोंग आहे, त्याच्या हातात घागर दिली जाते. त्या घराचं पाणी मग त्यानं भरायचं. कामटी सुटेपर्यंत.