नावाड्याला दिलेले मटार

फार फार पूर्वी, एका डोंगराळ राज्यात, नदीच्या काठावर एक गाव होते. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून गुपचूप ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे तिथले मटार. दुसरी म्हणजे, तिथून कुणी उपाशी जात नसे.

मटार थंडीत यायचे, आणि इतके यायचे की शेवटी गुरेसुद्धा तोंड फिरवायची. पावसाळ्यात मात्र नदी फुगली की भाजीचे पान दिसत नसे. म्हणून गावातल्या बायका थंडीतच मटार बरण्यांत भरून ठेवत.

भरण्याची रीत ठरलेली होती. शेंगा सकाळी तोडायच्या आणि त्याच दिवशी सोलायच्या. दाणे सैलसर भरायचे, वर उकळते पाणी ओतायचे, तोंडाशी बोटभर जागा सोडायची. मग झाकणे लावलेल्या बरण्या, तळाशी पाणी घातलेल्या जाड तांब्याच्या हंड्यात ठेवून हंड्याचे झाकण खटक्यांनी आवळायचे. झाकणाला बारीक भोक असे आणि भोकावर लोखंडी वजन. आत वाफ कोंडली की ते वजन थडथड नाचू लागे. तसे झाले की बाई जात्यावर बसे, आणि टोपलीभर ज्वारी दळून होईपर्यंत जाळ कमी होऊ देत नसे.

आणि वजन मध्येच थांबले तर? तर दळलेले पीठ बाजूला सारायचे, जाळ वाढवायचा आणि नवी टोपली घेऊन पहिल्यापासून दळायला बसायचे. जुनी माणसे सांगत, "मटारात लपलेलं विष नुसत्या उकळीला भीत नाही. त्याला कोंडलेल्या वाफेची धग लागते, आणि ती सलग लागते. शिवाय त्या विषाला ना वास, ना रंग, ना चव. तेव्हा नाकावर भरवसा ठेवू नका."

या गावात एक अक्का राहत होती. घरात ती आणि तिची लहान लेक, दोघीच. पण अक्काचा हात सढळ. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला, असे कधी झाले नाही. अन्नाचा एक कण फेकलेला मात्र तिला खपत नसे. लेकीने ताटात चार शिते टाकली तरी ती चार शिते अक्का स्वतः खाई, आणि लेकीला चार शब्द ऐकवी.

त्या वर्षी अक्काच्या शेवटच्या तीन बरण्या हंड्यात होत्या. टोपली अर्धी दळून झाली होती आणि दारात पाहुणे आले. अक्का उठली. पाणी दिले, गूळ दिला, ख्यालीखुशाली विचारली, जेवल्याशिवाय सोडले नाही. परत येऊन बघते तो चुलीत राख आणि वजन गप्प.

"आई, आता पहिल्यापासून ना?" लेकीने विचारले.

अक्काची पाठ मोडून आली होती. सरपणही संपत आले होते. आपल्यापैकी कोण असे थकलेले नसते? तिने चार काटक्या सारल्या, वजन पुन्हा नाचायला लागले आणि तिने उरलेली अर्धी टोपली दळून टाकली.

"झालं की. अर्धं आधी, अर्धं आता. एवढ्यानं काही होत नाही."

बरण्या देखण्या दिसत होत्या. पाणी नितळ, दाणे हिरवेगार. अक्काने त्या फळीवर ठेवल्या. पण का कोण जाणे, इतर बरण्यांपासून जरा दूर ठेवल्या.

पावसाळा आला. बाकीच्या बरण्या संपल्या आणि एके दिवशी अक्काने त्या तीन बरण्यांतली एक खाली काढली. लेक ताट मांडून बसली होती. अक्काचा हात झाकणावर गेला आणि तिथेच थांबला. तिने बरणी परत वर ठेवली आणि लेकीला चटणी-भाकरी वाढली.

आता बघा हं, इथेच गोष्ट वाकडी वळते. शंका आली होती, तर बरण्या खड्डा खणून पुराव्या की नाही? पण अन्न टाकायचे म्हटल्यावर अक्काचा जीव वरखाली होई. दुसऱ्या दिवशी तिला मोठी सोपी वाट सुचली. आपण नाही खायचे, तर कुणाच्या तरी मुखी लागू दे. अन्नही वाया जाणार नाही आणि पुण्यही पदरात पडेल! तिने दोन बरण्या गावाबाहेरच्या धर्मशाळेत पाठवल्या आणि एक नावाड्याला दिली.

हा नावाडी होडीजवळच्या खोपटात एकटाच राहायचा. भला माणूस. म्हाताऱ्यांना हात धरून होडीत बसवायचा, आणि गर्भार बाईकडून कधी नदी उतरवण्याच्या मोबदल्याचे दाणे घ्यायचा नाही. बरणी बघून त्याला भरून आले.

"अक्का, एवढ्या पावसात माझी आठवण ठेवलीत तुम्ही!"

अक्काने मान खाली घातली. नावाड्याला वाटले, किती विनय हा.

त्या रात्री त्याने चूल पेटवण्याचा कंटाळा केला. थोडे मटार निथळून घेतले आणि गारच भाकरीबरोबर खाल्ले. चव छान होती. उरलेले त्याने उद्यासाठी ठेवले, आणि म्हणूनच ही गोष्ट अगदीच रडवणारी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होडी काठालाच होती. लोक बघायला गेले. नावाडी खोपटाच्या दारात टेकून बसला होता. पापण्या मिटू मिटू झालेल्या, आवाज घोगरा, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता.

"पैलतीर दोन दिसतायत मला," तो कसाबसा म्हणाला. "होडी कुठल्या तीराला लावू?"

गावचे वैद्यबुवा आले. त्यांनी त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय खाल्लंस रे?"

"अक्कांच्या घरचे मटार. पण त्यांना नावं ठेवू नका हं. त्या घरचं अन्न वाईट असणं शक्य नाही. माझंच काहीतरी बिघडलं असेल."

अक्का गर्दीत मागे उभी होती. तिने हे ऐकले. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळले नसते. नावाड्याने स्वतःच्या तोंडाने तिला सोडवले होते. सगळ्या गावात तिच्या सढळ हाताचे नाव होते, आणि ते एका वाक्यात मातीला मिळणार होते. पण धर्मशाळेत दोन बरण्या होत्या. आणि पाऊस असल्यामुळे धर्मशाळा वाटसरूंनी भरलेली होती.

"त्याचं काही बिघडलेलं नाही!" अक्का ओरडली. "वजन थांबलं होतं. मी पहिल्यापासून दळलं नाही. मला माहीत होतं, तरी दिले!"

आणि ती चिखलातून धर्मशाळेकडे धावत सुटली. पडली, उठली, पुन्हा धावली.

धर्मशाळेत पंगत बसली होती. पत्रावळींवर मटार वाढून झाले होते. "या अक्का!" तिथला रखवालदार कौतुकाने म्हणाला. "तुमचेच मटार, दोन्ही बरण्यांतले. नुसते गरम केलेत, तरी वास बघा कसा सुटलाय!" समोर एक बाई मांडीवरच्या पोराला भरवायला घास फुंकत होती. अक्काने तो घास तिच्या हातातून उडवला आणि पातेले लाथेने उलटे केले.

"कुणी शिवू नका! हात धुवा! विष असेल यात!"

पोर भोकाड पसरून रडू लागले. वाटसरूंनी अक्काला नको नको ते बोलून घेतले. तिने सगळे ऐकले. मग मातीसकट मटार गोळा केले, नावाड्याच्या खोपटातली उरलेली बरणी आणली आणि सगळे कुत्र्यामांजरालाही लागू नयेत असा खोल खड्डा खणून पुरले. लेकीने खड्ड्यावर दगड ठेवले.

वैद्यबुवा तिच्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बरण्या दिल्यात, पण मनातली शंका घरीच ठेवलीत. तीही दिली असतीत, तर त्याला निवड करता आली असती."

अक्काने नावाड्याला आपल्या घरी आणले. वैद्यबुवांनी दाखवले तसे, डोके टेकवून, थेंब थेंब पेज ती त्याच्या घशाखाली उतरवी. काही रात्री त्याचा श्वास इतका हळू होई, की ती त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राही. पावसाळा सरता सरता त्याच्या पापण्या उघडल्या आणि आवाज परत आला.

आवाज आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली. "अक्का, ती बरणी लेकीला वाढली असतीत का हो?"

"नाही," अक्का म्हणाली. "तिच्यासाठी काढली होती. हात थांबला माझा."

 नावाड्याच्या डोळ्यांतून पाणी आले. दुखण्यात तो एकदाही रडला नव्हता.

"मरायचं वाईट नाही वाटलं, अक्का. मला वाटलं होतं, तुम्ही मला घरचा समजता."

 अक्काने त्याचे पाय धरले. त्याने पाय मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण तो हात थरथरत होता, आणि पुढेही थरथरतच राहिला. एकट्याने वल्हे ओढण्याइतके बळ त्यात परत आले नाही.

म्हणून त्या वर्षापासून, रोज सकाळी घरचे आवरून, अक्का होडीत त्याच्या शेजारी बसे आणि दुसरे वल्हे आपल्या हातात घेई.

बोध: जे आपल्या लेकराच्या ताटात वाढताना हात थांबतो, ते कुणाच्याच ताटात वाढू नये.