आधी विकून ये

एकदा काय झाले, एक मनुष्य जमीन विकत घ्यायला निघाला आणि त्याच्या गुरूंनी त्याला जमीन विकायला धाडले.

मनुष्याचे नाव श्रीरंग. तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवायचा. पत्नी वासंती तिथल्याच मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. बरीच वर्षे तिने रात्रपाळी केली, कारण रात्रपाळीला चार पैसे जास्त मिळत, आणि त्यातूनच दोघांची शिल्लक उभी राहिली. आता तिची पाठ धरू लागली होती. सकाळी घरी आली की भिंतीला टेकून बसायची, हातातला चहा तसाच निवून जायचा. ही शिल्लक कुठेतरी नीट लागावी आणि आपली रात्रपाळी सुटावी, एवढीच तिची इच्छा. श्रीरंगला ते ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि ध्यानात असणे वेगळे, आणि हाती थोडा पैसा आला की हे अंतर फारच वाढते.

गावाबाहेर नव्या रस्त्याच्या कडेला एका व्यापाऱ्याने शेत घेऊन त्याचे प्लॉट पाडले होते. व्यापारी जिभेवर साखर ठेवून बोलणारा. त्याने श्रीरंगला गाडीतून नेऊन जागा दाखवली, शहाळे पाजले आणि सांगितले की सर, ही जमीन म्हणजे नुसते सोने, तीन वर्षांत दुप्पट. आणि विकायची म्हणाल तर सकाळी शब्द टाका, संध्याकाळी गिऱ्हाईक तुमच्या दारात. श्रीरंग हरखून गेला. इकडे शाळेतले कुणी म्हणे, जुने घर घ्या, डागडुजी करा, विकून मोकळे व्हा. कुणी म्हणे, लहानसा फ्लॅट घ्या आणि भाड्याने द्या. सगळेच सांगत होते आणि सगळ्यांचेच पटत होते. पहिलाच व्यवहार, तो फसला तर वासंतीची इतक्या वर्षांची जागरणे पाण्यात गेली असती. म्हणून तो विश्वंभरपंतांकडे गेला आणि या व्यवहारात त्यांना गुरू मानले.

पंत सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर घरे-जमिनी घेतल्या, विकल्या, कुणाला बुडवले नाही आणि स्वतःही बुडाले नाहीत. या धंद्यात ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्यांनी श्रीरंगचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "पैसे कशासाठी हवेत?"

"वाढवायला," श्रीरंग म्हणाला.

पंतांनी मान हलवली, आत गेले आणि एक नकाशा घेऊन आले. "त्या व्यापाऱ्याच्या कुंपणाला लागूनच माझा एक प्लॉट आहे. कागद स्वच्छ आहेत, भांडण नाही, बोजा नाही. तो तू विकून ये. मग तुझ्या खरेदीचं बोलू."

श्रीरंग मनातून चिडला. मी शिकायला आलो काय आणि म्हातारा फुकटात आपले काम उरकून घेतोय काय, असे त्याला वाटले. वाटणारच. पण गुरू मानले म्हटल्यावर नाही कसे म्हणायचे? शिवाय जमीन म्हणजे सोनेच, तर वेळ असा कितीसा लागणार?

तो शाळेत बोलला, शेजाऱ्यांशी बोलला, दूरच्या मावसभावापर्यंत जाऊन आला. जो तो पाणी आहे का विचारी, दिवे कधी येणार विचारी, आणि मग बघू म्हणे. बघू या शब्दाचा अर्थ कळायला श्रीरंगला बराच काळ लागला. एक गृहस्थ जागा पाहायला आले, बांधावर उभे राहून गावचे राजकारण बोलले आणि निम्म्या भावात मागून गेले. कापडदुकानदार म्हणाला, प्लॉटचे राहू द्या सर, रुग्णालयाच्या आसपास दोन खोल्या भाड्याने असतील तर सांगा, भाचीला तिथे नोकरी लागली आहे. खोल्यांचे आणखीही काहींनी विचारले. श्रीरंगला त्याचा वैताग आला. मी विकतोय काय आणि हे मागताहेत काय, असे म्हणून तो पुढच्या दाराकडे वळे.

उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. प्लॉट होता तिथेच. आणि एके दिवशी श्रीरंगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात आणणारा माणूस तर आपल्या ओळखीचा आहे.

व्यापाऱ्याने उठून स्वागत केले. त्याला वाटले, सर विसाराचे पैसे घेऊन आले. श्रीरंगने नकाशा पुढे केला तसा त्याचा सूर उतरला. सर, तुमच्यापासून काय लपवायचे, सध्या बाजार थंड आहे, मोकळ्या जमिनीला कोण विचारतो, चार-पाच वर्षे थांबा, असे तो मोठ्या आपुलकीने सांगू लागला.

श्रीरंगला आपण बरोबर ऐकतो आहोत ना, हेच कळेना. "पण शेठ, तुमच्या आणि या जमिनीत फक्त तारेचं कुंपण आहे."

"ते खरंच आहे हो," व्यापारी हसून म्हणाला. "पण तेव्हा तुम्ही घ्यायला आला होता."

श्रीरंग तिथून तडक पंतांकडे आला आणि खाली मान घालून बसला. झालेले सगळे त्याने सांगितले. लोकांनी काय मागितले, हे पंतांनी खोदून विचारले तेव्हा खोल्यांचेही सांगितले. पंत हसले नाहीत.

"प्लॉट विकला गेला असता तर बरंच झालं असतं," ते म्हणाले. "नाही गेला तरी माझं काही अडत नाही. मी आणखी दहा वर्षं थांबेन. जमीन वाईट नव्हे श्रीरंगा, पण ती थांबू शकणाऱ्यानं घ्यावी. जुनं घर घेऊन विकायचं तर गवंड्याच्या मागे दिवसभर उभं राहावं लागतं. भाडेकरू ठेवायचा तर त्याचा गळका नळ आपला मानावा लागतो. यातलं चांगलं कोणतं, असं तू गावभर विचारत फिरलास. तुझं कोणतं, हे गाव कसं सांगणार? पैसे कशासाठी हवेत, असं मी विचारलं, तेव्हा वाढवायला म्हणालास. वाढवायला तर सगळ्यांनाच हवेत. घरी जा. ज्या माऊलीनं ते मिळवले, तिला हाच प्रश्न विचार."

श्रीरंग घरी आला तेव्हा वासंती नुकतीच झोपून उठली होती. केस बांधायचेही तिला त्राण नव्हते. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने विचारले. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेच नव्हते.

"मला रात्री माझ्या घरात झोपायचंय," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही बघा."

श्रीरंगला रडू आले, आणि त्याने ते लपवले नाही.

त्यांनी रुग्णालयामागच्या गल्लीत दोन खोल्यांचा एक जुना फ्लॅट घेतला. कापडदुकानदाराची भाची आणि तिची मैत्रीण तिथे राहायला आल्या. भाडे बेताचेच, पण रात्रपाळीचे जे चार पैसे जास्त मिळत, ते त्यातून भरून निघू लागले. पहिल्याच आठवड्यात नळ गळला आणि श्रीरंग स्वतः प्लंबरला घेऊन गेला. व्यापाऱ्याच्या जमिनीचा भाव पुढे वाढलाही असेल. मी चौकशी केलेली नाही. कुठे पैसे घालावेत, असे मला कुणी विचारले तर मी एवढेच म्हणतो की आधी ते कशासाठी हवेत, ते आपल्या माणसांना विचारून या.

वासंतीने दिवसपाळीसाठी अर्ज केला आणि वर्षभराने तिची रात्रपाळी सुटली. त्या संध्याकाळी सवयीने तिने कामावर न्यायचा डबा भरायला घेतला. श्रीरंगने तो तिच्या हातातून घेतला आणि दोन ताटे मांडली.