सातेरीने दिलेले एक पाणी

हुरवेळच्या खाडीवर मेस्त्रींच्या गोदीत होड्या पाण्यात सोडायचे दोन उतार आहेत. एकावर बाराही महिने ठोकाठोक चालू असते. दुसरा, माडांच्या बाजूचा, रिकामा असतो. त्याचे ओंडके मात्र माशाच्या तेलाने चकचकीत राखलेले दिसतात. नवी होडी त्यावर कधीच बांधत नाहीत. पाहुणे विचारतात, तेव्हा गोदीतली जुनी माणसे हातातले काम ठेवून अंतोबा मेस्त्रींची गोष्ट सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी गोदी अंतोबांच्या हाती होती. शत्रूने तेव्हा समुद्रात असे सुरुंग पेरले होते, की वरून लोखंडी जहाज गेले की ते फुटायचे. ते काढायला लाकडी जहाजेच हवी होती, आणि सरकारचे लोक लाकडाचे कारागीर शोधत किनाऱ्याने फिरत होते. पिढ्यान्‌पिढ्या गलबते बांधणाऱ्या मेस्त्रींकडे ते आले. सागाच्या फळ्या, तांब्याचे खिळे, आणि रात्रंदिवस माणसांचा राबता. खाडीत इतकी माणसे त्याआधी कधी कुणी पाहिली नव्हती, असे सांगतात.

अंतोबांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि मुलगा जनू, दोघेच. भाताचे आधण ठेवायचे ते जनूने आणि मासे तळायचे ते बापाने, अशी त्यांची वाटणी होती. सुरुंग काढायची जहाजे एकामागून एक पाण्यात गेली. शेवटचे माडांकडच्या उतारावर उभे राहिले. त्याचा कणा बसवण्यापासून सगळे काम जनूने केले होते. ते निघायच्या वेळी नौदलाच्या अधिकाऱ्याला जहाजावर एक सुतार हवा होता. अंतोबा म्हणाले, मी येतो. अधिकाऱ्याने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि मान हलवली.

"बाबानू, जहाज मी बांधलंय. मीच जातंय," जनू म्हणाला.

 अंतोबांनी आपली सगळ्यात चांगली पटाशी त्याच्या पिशवीत घातली.

युद्ध संपले. बाकीची जहाजे कुठे कुठे गेली ते कळले. एक तर पुढे माणसांची ने-आण करायला लागले. जनूच्या जहाजाचे मात्र नौदलाचा एक माणूस येऊन सांगून गेला. ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले होते, ते परत आले नाही. तुकडाही सापडला नाही.

"तुकडो गावाक नाय, म्हणजे बुडाक नाय," अंतोबा म्हणाले. त्यांनी ग्रामदेवी सातेरीच्या देवळात जाऊन नवस केला, की ते जहाज परत येईपर्यंत त्या उतारावर दुसरे लाकूड चढवणार नाही. एक काळजी मात्र त्यांना होती. उताराचे ओंडके उंचावर होते. उधाणाच्या भरतीलाच पाणी तिथवर पोचायचे. मोडके जहाज घेऊन पोरगा नेमका भांगेच्या दिवसांत आला, पाणी चढतच नाही अशा वेळी आला, तर? गुरवाने कौल लावला. देवीने उजवा दिला म्हणे. हाक मारशील तेव्हा तुझ्या उताराला पाणी देईन, पण एकदाच.

तेव्हापासून अंतोबा घर सोडून गोदीतच राहू लागले. पुतण्या नारबाने दुसऱ्या उतारावर मचवे बांधायला घेतले. माणसे पुन्हा आली, हसणे-खिदळणे सुरू झाले. पण म्हातारा त्यांच्यात बसत नसे. नारबाची बायको जेवण आणून ठेवायची. ते दोन माणसांचे आणायला सांगत. उरलेले कावळ्यांना घालत. कुणी मोठ्या मोबदल्याने उतार मागितला तरी ते नाही म्हणत, आणि पुन्हा ओंडक्यांना तेल लावायला बसत. असे किती पावसाळे गेले, ते कुणी मोजले नाही.

मग एका श्रावणात, अष्टमीला, भर दुपारी, दाभोळकडचा एक मचवा खाडीच्या तोंडाशी खडकावर आपटला आणि कसाबसा आत आला. खलाशी पाणी उपसत होते, तरी तो खाली खाली बसत होता. नारबाच्या उतारावर अर्धी होडी उभी होती. सगळ्यांनी अंतोबांकडे पाहिले. ते जागचे हलले नाहीत. फक्त काठावरून ओरडून विचारले, "सगळी माणसा आसत ना?"

मचव्याचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, हसनमियाँ होता. त्याचा आवाज फाटला होता. "एक आत हाय, मेस्त्री! डोलकाठी मोडून पडलीय त्याच्या पायांवर. निघत नाय. पाणी छातीला आलंय त्याच्या!"

"कोण?"

"कासम. माझा मुलगा."

मचवा कोरड्यावर ओढल्याशिवाय कासम निघणार नव्हता. उतार मोकळा होता, पण भांगेचे पाणी ओंडक्यांच्या कितीतरी खाली थांबले होते. मधल्या चिखलात मचवा रुतला असता, तर तिथेच फुटला असता.

अंतोबा खाली उतरले. चिखल तुडवत गुडघाभर पाण्यात गेले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. समोर माणूस असावा तसे बोलले. नारबाने ते ऐकले, म्हणूनच ते आज माहीत आहे.

"आई, जनूसाठी राखलेला पाणी आज दी."

लाट आली नाही, वारा सुटला नाही. आधी कुर्ल्या बिळांतून बाहेर पडून वर पळाल्या, आणि मग पाणी चढू लागले. पलीकडचा काठ कोरडाच होता म्हणे. चढले ते फक्त माडांकडच्या उताराला. पहिला ओंडका बुडाला, दुसरा बुडाला. अख्खे गाव दोरांना लागले. वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या लाकडावरून मचवा सरसर वर आला. डोलकाठी कापून कासमला बाहेर काढले. जन्मभर तो लंगडला, पण जगला.

लोक देवीच्या नावाने ओरडत होते. हसनमियाँ मुलाचे डोके मांडीवर घेऊन रडत होता. अंतोबा त्यांच्याकडे पाठ करून ओसरणारे पाणी पाहत उभे होते. पाणी पार खाली गेले, तेव्हा नारबा जवळ गेला. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "आता जनू इलो तर तेका उधाणाची वाट बघूची लागतली."

तो मचवा त्यांनी स्वतः दुरुस्त केला. पैसे घेतले नाहीत. पुढेही उतार त्यांनी रिकामाच राखला, पण अडलेल्या कुणालाही तो मोकळा केला. जनू आला नाही. एका सकाळी अंतोबा ओंडक्याला टेकून बसलेले सापडले, हाताला तेल तसेच होते.

आजही वादळात कुठल्याही गावची, कुठल्याही जातीधर्माची होडी फुटून हुरवेळला आली, तर ती माडांकडच्या उतारावर घेतात आणि फुकट नीट करून देतात. कुठून आलात, होडी कुणाची, मेस्त्रींच्या घरचे कुणी विचारत नाही. आधी एकच विचारतात: सगळी माणसा आसत ना? आणि 'होय' असे उत्तर आले, तर दोराला हात घालण्याआधी ते एकदा खाडीच्या तोंडाकडे, जनूच्या वाटेकडे, बघून घेतात.