धुरांड्यावरचा पहारेकरी

"परटीण, हा अंगरखा धुतलास की काजळात बुडवलास?" धामणगडचा राजा भर दरबारात गरजला.

ठकू परटीण घाबरते होय! "महाराज, सकाळी बगळा करून वाळत घातला होता. तोफा ओतायच्या भट्टीचा धूर आला नि त्याचा कावळा झाला. आमची पोरं खोकून बेजार आहेत. गेल्या शिमग्याला त्याच धुरांड्यातली काजळी पेटली, ठिणग्या उडाल्या नि आमच्या आळीची सात छपरं जळाली!"

भट्टी कुणाची? राणीसाहेबांच्या भावाची, हैबतरावांची. ते पान चघळत म्हणाले, "दाजी, साफ खोटं! माझे तीन पहारेकरी धुरांड्याकडे बघत बसतात. रोज लिहून देतात, धूर नाही."

"देतील की! एक झोपलेला असतो, दुसऱ्याच्या तोंडात साहेबांचा लाडू असतो, नि तिसरा नुसतं खोटं बोलतो."

राजा चिडला. "मग न झोपणारा, लाच न खाणारा, खोटं न बोलणारा पहारेकरी तूच आण! उद्या धुरांड्यावर उभा कर. आठ दिवसांनी मी येतो. जमलं तर मागशील ते देईन. नाहीतर अख्खी परीटआळी गावाबाहेर!"

दरबार खदखदला. असा माणूस धामणगडात जन्मलाच नव्हता ना!

ठकूनं माणूस शोधलाच नाही. धूर जातो त्या बाजूला बांबूवर एक पांढरंशुभ्र धोतर ताणलं. धुरांड्याला लाखेनं पितळी घंटा चिकटवली, खाली परात ठेवली. म्हणाली, "धूर आला की धोतर काळं पडेल. धुरांडं नको तितकं तापलं की लाख वितळेल, घंटा पडेल. हाच माझा पहारेकरी."

आठव्या दिवशी राजा आला. धोतर कसं? मोगऱ्याच्या फुलासारखं!

"बघा दाजी!" हैबतरावांनी मिशीला पीळ दिला. "एक डाग नाही. हाकला हिला!"

ठकूनं धोतराचा कोपरा उलटा केला. "महाराज, कुठला कपडा कुठल्या घरचा ते कळावं म्हणून आम्ही बिब्ब्याची खूण करतो. शंभरदा धुतलं तरी जात नाही. माझ्या धोतराला तीन ठिपके होते. याला चांदणी आहे. आता साहेबांनी नेसलंय त्याचा कोपरा बघा!"

राजानं वाकून पाहिलं. चांदणी!

हैबतराव तोंड उघडणार, तेवढ्यात ठण्ण! घंटा परातीत पडली.

"काजळी पेटतेय! भट्टीची दारं लावा! छपरं भिजवा!" ठकू ओरडली. परीटआळी घागरी भरूनच बसली होती. गवताची एक काडी जळाली नाही.

राजानं घाम पुसला. रुमाल काळा झाला. "घंटा जागी होती, मान्य. पण ठकू, मी लाच न खाणारा पहारेकरी मागितला होता, मग तुझं धोतर जागेवरून गेलं कसं?"

"लाच खाल्ली असती तर राहिलं असतं, महाराज! खाईना नि खोटं बोलेना, म्हणून तर साहेबांनी आठ दिवसांत हलवलं!"

राजा पोट धरून हसला. ठकूनं आळीतल्या सगळ्या छपरांवर कौलं मागितली, ती मिळाली. आणि हैबतरावांना? रोज संध्याकाळी पहारेकऱ्याला आंघोळ घालायचं काम!

महिनाभरात भट्टीत सुकं लाकूड जळू लागलं, धुरांडं झाडलं जाऊ लागलं. तरी ठकू रोज घाटावर उभी राहायची. धोतर उन्हाकडे धरायची नि म्हणायची, "साहेब, कोपरा राहिला. पुन्हा घासा!"