गुंजेचे डोळे

सह्याद्रीच्या एका दाट रानात उंबराच्या उंच झाडावर एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार. शेंड्याजवळ तिने काटक्या आणि पाने गुंफून गोल घरटे बांधले होते आणि त्यात तिचे एकुलते एक पिल्लू होते. मुलांनो, या आईला दिवसभर एकच धास्ती असे, की आपले पिल्लू पोटभर खाते की नाही? धास्तीला कारणही तसेच होते. मागच्या हिवाळ्यात तिचे पहिले पिल्लू आजारी पडले, खाईनासे झाले आणि एका सकाळी साधी उडी न जमल्यामुळे फांदीवरून खाली पडले. त्या दिवसापासून आई या पिल्लाचा घास न् घास मोजत असे.

आणि हे पिल्लू तर खायचेच नाव घेत नसे.

"अजून एक घास," आई म्हणे.

"नको."

"बरं, अर्धा."

"नको."

"निदान चाटून तरी बघ रे!"

पिल्लू पाठ फिरवी आणि तोंडावर शेपटी ओढून घेई. मग आई तो उंबर हातात धरून तशीच बसून राही. स्वतः खायचे तिला सुचतच नसे.

त्याच झाडाच्या ढोलीत एक साळुंकी राहत होती. तिला सल्ला देण्याची फार हौस. ती म्हणाली, "शेकरूताई, माझी चौघं बघ, चोच मिटायलाच तयार नसतात! अगं, लेकरं आधी डोळ्यांनी जेवतात. काहीतरी गंमत कर की त्या खाऊची."

आईला ते पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक टपोरे बोर घेतले, दातांनी त्याला दोन बारीक डोळे कोरले, देठाची शेपटी तशीच ठेवली आणि ते पानावर मांडले. पिल्लू डोळे चोळत उठले आणि ओरडले, "उंदीर! आई, हा पळतोय बघ!" हसता हसता त्याने अख्खे बोर खाल्ले. आईचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी ती शांत झोपली.

पण तिसऱ्या दिवशी पिल्लू पानाकडे बघून म्हणाले, "हा तर कालचाच उंदीर."

मग आईने पोपट केला. पळसाची वाकडी पाकळी लावून त्याला चोच केली. पुढच्या दिवशी उंबराचे कासव केले, त्याला चिंचेच्या कोवळ्या, बोटाएवढ्या शेंगांचे पाय. पिल्लू चोच खाई, पाय खाई आणि बाकीचे सोडून देई. आईची धास्ती आता दुप्पट झाली. आधी काळजी फक्त खाण्याची होती, आता उद्या काय करायचे याचीही. ती उजाडायच्या आत उठे, लांब लांब हिंडे, धापा टाकत परत येई. तिच्या अंगावरची चमक गेली, फासळ्या दिसू लागल्या.

अशाच एका पहाटे ओढ्याकाठी तिला एक वेल दिसली. वाळलेल्या शेंगा उकलल्या होत्या आणि आत इवल्या इवल्या बिया होत्या. लालचुटूक, टोकाला काळा ठिपका. "हे तर घुबडाचे डोळेच!" आई मनात म्हणाली. तिने वास घेतला, वास नव्हता. त्या बियांना एकाही पाखराने तोंड लावलेले नाही, हेही तिच्या नजरेला आले. ती क्षणभर थबकली. पण पिल्लू उठायची वेळ झाली होती आणि आज तिला दुसरे काही सुचत नव्हते. तिने दोन बिया गालात धरल्या आणि धाव घेतली.

घुबड खरोखर सुंदर झाले. दोन उंबर, त्यांवर दोन लाल डोळे. "आई, हे माझ्याकडे बघतंय!" पिल्लू टाळ्या पिटू लागले. "डोळे आधी काढून ठेव हं," असे म्हणून आई पिल्लाचे तोंड पुसायला पान तोडायला फांदीच्या टोकाशी गेली. ती परत आली तेव्हा घुबडाला एकच डोळा उरला होता.

तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक म्हातारी माकडीण उतरली. तिने आयुष्यभर रानातला पाला चाखला होता, त्यामुळे रानातले बरेवाईट तिला ठाऊक होते. पानाकडे बघताच ती ओरडली, "अगं, ही गुंज आहे! दुसरी कुठं गेली?"

"पिल्लाने..." आईने पिल्लाकडे पाहिले. "का मावशी? काय असतं गुंजेत?"

"जहर असतं."

आईने पिल्लाला गदागदा हलवले. "चावलीस की गिळलीस? बोल! चावलीस का?"

पिल्लू बावरले. ते आधी "हो" म्हणाले, मग "नाही" म्हणाले, मग रडू लागले.

"त्याच्यावर ओरडू नकोस," माकडीण म्हणाली. "लेकरू घाबरलं की खरं सांगत नाही, तुला काय ऐकायचंय ते शोधत बसतं." तिने पिल्लाचे तोंड उघडून दाढा नीट तपासल्या. "लाल काही दिसत नाही. या बीचं कवच कडक असतं. अख्खी गेली असली तर अख्खी बाहेर पडेल. पण फुटली असली तर..."

"तर? मावशी, काहीतरी पाला सांग ना!"

"याला माझ्याकडे पाला नाही. त्याच्याजवळ बस. आजचा दिवस आणि आजची रात्र."

तो दिवस सरता सरेना. पिल्लाला झोप लागली की आई त्याच्या नाकाशी गाल नेई, श्वास चालतो ना? ते जागे झाले की पोटाला कान लावी. एकदा पिल्लाला उचकी लागली, तर आईने धावत जाऊन त्याला छातीशी धरले. दुपारी साळुंकी आली आणि फांदीच्या कडेला अंग चोरून बसली. "मीच गंमत कर म्हटलं..." ती पुटपुटली.

"तू गंमत कर म्हणालीस," आई म्हणाली. "न ओळखलेली वस्तू पानात वाढ, असं नव्हतीस म्हणाली. मला तेव्हाच शंका आली होती गं. मी थांबले नाही."

संध्याकाळी पिल्लाने हळूच विचारले, "आई, तू रागावलीस?"

"नाही रे बाळा. मी घाबरलेय. फार घाबरलेय."

पिल्लू तिच्या कुशीत शिरले. आई उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा न लावता बसून राहिली.

सकाळी माकडीण आली. फांदीवर पिल्लाने नुकताच प्रातर्विधी उरकला होता. माकडिणीने काटकी घेतली आणि नाक मुरडत ते उलटेपालटे केले. मध्येच ती थांबली. लाल काहीतरी चमकले. तिने ती बी पानाने पुसून उजेडात धरली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

"अख्खी आहे," ती म्हणाली. "चीरसुद्धा नाही. नशीब थोर तुझं."

आईने पिल्लाला पोटाशी धरले. तिला हसूही येईना आणि रडूही. माकडिणीने दोन्ही गुंजा उचलल्या, खाली उतरून त्या कातळाच्या खोल फटीत सारल्या आणि ती निघून गेली.

आता आईला एकाएकी भुकेने भोवळ आली. कालपासून, खरे तर कित्येक दिवसांपासून, ती धड जेवली नव्हती. तिने हाताशी आलेला पिकला उंबर तोडला आणि तिथेच बसून खाऊ लागली. ना कोरला, ना सजवला. पिल्लाला "घे" म्हणायचेही तिला भान राहिले नाही.

पिल्लू टक लावून बघत होते. "आई," ते नवलाने म्हणाले, "तू पण खातेस?"

आई खाता खाता थांबली. रोज आपण याच्यासमोर बसतो ते याचे तोंड निरखायला, बरोबर खायला नव्हे, हे तिच्या ध्यानात आले.

"खाते तर," ती म्हणाली. "गोड आहे."

पिल्लू सरकत सरकत आले, त्याने तिच्या हातातल्या उंबराचा एक लचका तोडला, मग दुसरा. आईने तो घास मोजला नाही.

पुढे गमतीचा खाऊ त्या घरट्यातून गेला असे मात्र समजू नका हं. आता तो पिल्लू करी. एकदा त्याने चार बोरे एकमेकांना चिकटवायचा खटाटोप केला, त्यांतली दोन खाली पडली, आणि उरलेल्या लगद्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आई, हा हत्ती. तुझ्यासाठी. सोंड मला."

आईने त्या हत्तीचे दोन वाटे केले आणि मायलेकरे फांदीवर पाय सोडून खात बसली.

तात्पर्य एवढेच : जे आपण ओळखत नाही, ते कितीही देखणे असले तरी लेकराच्या पानात वाढू नये, आणि धास्तीने सजवलेल्या पानापेक्षा सोबत बसून खाल्लेला साधा घास लेकराच्या अंगी लागतो.